काका, जरा फ्रेमच्या बाहेर!

पुण्यात समकालीन नृत्याला प्रेक्षक मिळत नाही, अशी नर्तकांची जुनी रड आहे. सपशेल खोटी. जुलैतला कुठलाही रविवार धरा, चांदणी चौकातून गाडी काढा आणि भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या दिशेने निघा. भूगावात पहिला तास जाईल, पिरंगुटात दुसरा. नाट्यगृहाबाहेरच्या रांगेत उभे आहोत असं समजायचं आणि गप्प बसायचं. माले मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं की प्रयोग सुरू. सकाळी आठला जो सुरू होतो तो अंधार पडेपर्यंत. तिकीट नाही, घंटा नाही, मध्यंतर नाही. विषय एकच, मी. पात्रही एकच, मी. फक्त एका वेळी असे तीन-चारशे ‘मी’ रंगमंचावर असतात आणि प्रत्येकाची खात्री असते की बाकीचे उगाच गर्दी करायला आलेत.

परदेशात या विषयावर काम करायला केवढे कष्ट घेतात! जर्मनीत वुपरटालच्या पिना बाउशने १९७८ साली ‘कोन्टाक्टहोफ’ बसवलं. सुरुवातीलाच नर्तक एकेक करून पुढे येतात, प्रेक्षकांसमोर उभे राहतात, केस सारखे करतात, एक बाजू दाखवतात, दुसरी दाखवतात, दात दाखवतात, हात उलटेपालटे करून दाखवतात आणि मागे जातात. बैलबाजारात गिऱ्हाइकापुढे उभं राहावं तसं. पुढे बाईंनी हेच काम २००० साली पासष्टी ओलांडलेल्या हौशी माणसांकडून करून घेतलं आणि २००८ साली शाळकरी पोरांकडून. जगभर कौतुक झालं. ताम्हिणीत हे तिन्ही वयोगट एकाच कठड्यावर, एकाच वेळी, बिनतालमीचे उभे असतात आणि समीक्षक सोडा, साधा वार्ताहर फिरकत नाही. फिरकला तर तोही स्वतःचा व्हिडिओ करून जातो.

परवा अशाच एका कठड्यापाशी उभा होतो. पिवळी साडी, डोळ्यांना गॉगल, पायात पांढरे बूट. (साडीवर बूट हा आता वादाचा विषय राहिलेला नाही, आपण हरलो.) समोर नवरा, किंवा होऊ घातलेला नवरा, चिखलात एका गुडघ्यावर. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, कॅमेऱ्याच्या डोळ्यापुरतं भोक पाडलेलं. मैत्रीण पारदर्शक छत्री धरून, स्वतः चिंब. ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ झालं आणि पंधरा सेकंदांचा नाच पार पडला. दोन गिरक्या, एक खांदा, केसांतून हात, मान मागे आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही असं दाखवत त्याच्याकडे बघून हसणं. हे शेवटचं सोपं नाही, चेष्टा करत नाही. पण फोन खाली आला आणि हसू त्याच क्षणी बंद. हसू ओसरायला जो थोडा वेळ लागतो, तो लागलाच नाही. तिघं स्क्रीनवर वाकली.

‘शी, मागे कोण आहे हे?’

मागे मी होतो. हातात कणीस, डोक्याला माकडटोपी, ओठांना लिंबू-मीठ.

‘ओ काका, जरा बाजूला होता का प्लीज? फ्रेममध्ये येताय.’

झालो बाजूला. तिथे दुसऱ्या कुणाची फ्रेम. तिथून सरकलो तर एका दाढीवाल्याच्या संथ चालीत आडवा आलो. तो बिचारा धुक्यातून एकटाच चालत येत होता. एकटेपणाचा तो शॉट घ्यायला सहा मित्र लागले होते. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं उभं राहून डोंगर बघायला जागा म्हणून उरली नव्हती. शेवटी कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीमागे गेलो. तिथे डोळे चुरचुरतील असा धूर, त्यामुळे शूटिंग नाही. बाई म्हणाली, ‘हितं थांबा. हितं कोण नाय येत.’

आता कुणी म्हणेल, नाचू द्या की पोरांना, तुमचं काय जातं? नाचू देत. नटू देत. नटण्याला मी नावं ठेवली तर मला माझ्याच लग्नाचा अल्बम दाखवतील. तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे नाच बघणाऱ्याच्या जिवावर उभा राहिला. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी करायच्या तेव्हा जागेवरून फारशा हलायच्याही नाहीत. एकच ओळ, कधी लाडात, कधी रागात, कधी टोमण्यात, आणि ती समोर बसलेल्याच्या तोंडाकडे बघून बदलायची. समोरचा गारठला तर लावणी गारठणार. फडावर फेटे उडतात, शिट्ट्या पडतात, दौलतजादा होते, हा सगळा त्या नाचाचाच भाग. आता पहिल्यांदाच असा नाच आलाय, ज्यात हाताच्या अंतरावर उभा असलेला बघ्या ही अडचण आहे. ज्याला दाखवायचं तो कुठेतरी चिंचवडला पलंगावर आडवा पडून अंगठा सरकवतोय. समोर आहे तो शॉट खराब करतोय.

आणि आरशाला दोष द्यायचं कारण नाही. आरसा नाचात फार जुना. कथकमध्ये शृंगार करणारी नायिका दाखवतात तेव्हा एक तळवा आरसा होतो आणि दुसऱ्या हाताने टिकली, काजळ, भांग. हातात आरसा नसतो, तरी शेवटच्या रांगेतल्याला तो दिसतो. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती काढली. तिथे शिकलेल्या कुणालाही विचारा, तो रिकामा तळवा आरसा वाटेपर्यंत किती वर्षं जातात. बेलूरच्या देवळावरची दर्पणसुंदरी तर बाराव्या शतकापासून आरशात बघत उभी आहे. नऊशे वर्षांत तिने एकाही पर्यटकाला ‘काका, सरका’ म्हटलेलं नाही.

आमची पिढी संत होती अशातला भाग नाही. महाबळेश्वरला भाड्याचे काश्मिरी कपडे घालून कमरेवर हंडा कुणी घेतला? स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यासमोर, न जोडलेल्या टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून गंभीर चेहरा कुणी केला? आम्हीच. फरक इतकाच की रोल छत्तीस फोटोंचा असायचा. त्यातले चार मामाच्या साखरपुड्याला, दोन नव्या स्कूटरला, आणि उरलेल्यांवर वडिलांचा पहारा. आत्मप्रेमाला रेशनिंग होतं म्हणून आम्ही साधे दिसलो.

आता रेशनिंग उठलंय. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉक बंद केलं. गावोगावचे तारे एका रात्रीत बेकार झाले. पण ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. मध्ये नऊ दिवस. तेही कोरोनाच्या टाळेबंदीत, जेव्हा आमच्या सोसायटीत दूध वेळेवर येत नव्हतं. माणसाच्या कुठल्याही गरजेचा पुरवठा या देशात इतक्या तत्परतेने सुरळीत झाल्याचं मला आठवत नाही.

मराठीने या विषयाला आपलं राष्ट्रगीतही दिलं. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४च्या सुरुवातीला आलं आणि लंडनपासून लातूरपर्यंत सगळ्यांनी त्यावर हात हलवून घेतले. गाणं झकास आहे, माझेही पाय हलले, हे आधी सांगतो. पण त्यातल्या नायिकेचं राजाकडे मागणं काय, तर फोटो काढ. जुन्या लावणीतली बाई शालू मागायची, नथ मागायची, चोळीला कापड मागायची. दिवाणजींचं दिवाळं निघायचं. एकीची तर साताऱ्याला जाताना बुगडी हरवली, तिने कोण गहजब केला. आजच्या नायिकेची साडी तिची तिने घेतलीय, पार्लरचे पैसे तिने दिलेत, राजाने फक्त फोन धरायचा आहे. एका अर्थी ही स्त्रीची प्रगती आहे. राजाची मात्र नोकरी बदलली. पूर्वी तो लोडाला टेकून विडा खायचा, आता चिखलात गुडघा टेकतो आणि वर ‘अँगल चुकला’ हे ऐकून घेतो.

असो. त्या पिवळ्या साडीच्या मागे जे निळंशार पाणी दिसत होतं, त्याबद्दल जरा. ‘नॅचरल लेक’ असं त्याखाली लिहिलेलं मी वाचलंय. हा तलाव टाटांच्या वीज कंपनीने बांधलेल्या धरणाचा. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमापाशी बांध घालायचा ठरला तेव्हा खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळे आणि त्यांच्या बायका कामावर जाऊन बसल्या. पुढारी विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना इथलीच. तीन-एक वर्षं लढा चालला, तुरुंग झाले, शेवटी धरण झालं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. नदीचं पाणी पूर्वेला जायचं ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, आणि त्या विजेवर मुंबईचे दिवे आणि गिरण्या चालल्या. म्हणजे मुंबईकर इथे फोन पूर्ण चार्ज करून येतो आणि मुळशीच्या पाण्यापुढे उभा राहून ‘अनटच्ड ब्यूटी’ असं लिहितो, तेव्हा हिशेब कुठूनतरी जुळतो. कुठून, ते विचारायला पंधरा सेकंद पुरत नाहीत.

ज्यांना एवढंही खरं पाणी नको असेल त्यांच्यासाठी मुळशीत लवासा आहे. इटलीतल्या पोर्तोफिनोचा चेहरा समोर ठेवून दासव्याला वरसगावच्या पाण्याकाठी रंगीत इमारतींची ओळ उभी केली, जेणेकरून इमारतींना पाण्यात आपापलं रूप बघता यावं. गाव बांधताना माणसं राहतील का, यापेक्षा गाव फोटोत कसं येईल याचा विचार आधी झालेला महाराष्ट्रातला दुसरा नमुना मला ठाऊक नाही. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीत गेलं. महाभारतात मयसभा बघायला गेलेला दुर्योधन पाण्याला जमीन समजला आणि कपड्यांसकट पडला. इथे कर्ज देणाऱ्या बँका पडल्या. प्री-वेडिंगवाले मात्र कोरडे राहिले. रिकाम्या रस्त्यावर शूटिंग निर्विघ्न होतं.

शहरच तेवढं आत्ममग्न आणि मुळशी भाबडी, असं चित्र मी काढलं तर पौडच्या नाक्यावर मला चहा मिळणार नाही. शहराला रील आहे, मुळशीला फ्लेक्स आहे. फ्लेक्स म्हणजे उभ्याउभ्या केलेलं रील. मधोमध वाढदिवसाचा मानकरी, पांढरा शर्ट, गळ्यात दोन बोटं जाडीची साखळी, फोन कानाला. (रिसीव्हरची ती जुनी हौस काही जात नाही.) खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे, उतरत्या क्रमाने, ज्याने जेवढी वर्गणी दिली तेवढं डोकं मोठं. हिंजवडीची आयटी आली, जमिनी विकल्या गेल्या, एका पिढीच्या हातात अचानक पैसा आला आणि दुसऱ्या पिढीच्या हातात काहीच उरलं नाही. प्रवीण तरडे यांनी २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’मध्ये ही गोष्ट सांगितली. सिनेमा भूमिहीन झालेल्या शेतकऱ्याच्या पोराची शोकांतिका होता. पोरांनी त्यातला भाईचा तोरा उचलला आणि त्यावर रील केले. दिग्दर्शकाने इशारा म्हणून दिलेली गोष्ट प्रेक्षकाने स्टाइल म्हणून घरी नेली.

राहता राहिला पाऊस. प्रयोगातला खरा नट तोच आणि श्रेयनामावलीत त्याचंच नाव नाही. २५ जुलै २०२४च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी खाली पुण्यात एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. घाटात भेटणाऱ्यांची पावसाबद्दलची तक्रार ऐकली तर ती अशी की लेन्सवर थेंब येतात.

त्या वर्षी सरकारनेही या नृत्यात पदार्पण केलं. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली आणि त्याच महिन्यात तिच्या १६३व्या कलमाखाली पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांसाठी आदेश निघाला. ताम्हिणी, प्लस व्हॅली, मिल्कीबार धबधबा, सगळे त्यात. खोल पाण्यात उतरू नये, धबधब्याच्या धारेखाली बसू नये, धोकादायक जागी सेल्फी घेऊ नये, रील करू नये, रस्त्यात गाडी थांबवू नये, गाडीतला स्पीकर मोठ्याने लावू नये. पावलं कुठे टाकावीत आणि कुठे टाकू नयेत याची इतकी बारकाईने केलेली लिखित नोंद आपल्याकडच्या एखाद्या नृत्यसंस्थेकडेही नसेल. आदेशाच्या फलकापुढे उभं राहून लोकांनी सेल्फी काढले. फलकाची जागा तेवढी धोकादायक नसावी.

यातला एक भाग मला तिरकस लिहिता येत नाही. त्याच वर्षी जूनअखेरीस प्लस व्हॅलीत एका माणसाने कुंडात उडी घेतली, सोबतच्यांनी ती फोनवर टिपली आणि तो प्रवाहात वाहून गेला. जुलैच्या मध्यावर घाटापलीकडे माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर एक तरुण मुलगी चित्रीकरण करताना सुमारे ३०० फूट दरीत पडून गेली. तिला वर आणायला दोरावर उतरली ती आसपासची पोरं. दोन्हींच्या बातम्या लाखो लोकांनी बघितल्या, आणि पुढच्या रविवारी भूगावातली रांग तेवढीच लांब होती.

परतीच्या वाटेवर एका खाचरापाशी थांबलो. इथला आंबेमोहोर एकेकाळी सणासुदीला पुण्यात नावाने मागून घ्यायचे. भाताची लावणी नुकतीच उरकली होती, कोवळी रोपं, घोटाभर पाणी, मध्ये बांध. बांधाला काठी रोवून त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्याला प्लास्टिक. खडूने नव्हे, रंगाने लिहिलेलं, म्हणजे हंगामभराची सोय: ‘शूटिंग करणाऱ्यांनी मालकाला भेटावे.’ मालक बांधावरच होता, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ.

म्हटलं, ‘दादा, रोपं तुडवत नाहीत का?’

‘तुडवायची की. मागल्या साली आख्खी आवणं तुडवली, ती पोरगी नवऱ्याला घेऊन पाण्यात नाचली. वरडलो, तर म्हणती, अंकल, फक्त दोन मिनिटं. मग यंदा पाटीच लावली. पैसे घेतो, बांधावरनं नाचायचं.’

‘किती घेता?’

त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. माकडटोपी बघून त्याचा माझ्यातला रस संपला असावा, पण माणूस भला होता, सांगितलं. बैलजोडी पाहिजे असेल तर वेगळे, म्हातारीला इरलं घालून मागं उभी करायची असेल तर तिचे वेगळे. इरलं आता कोण वापरतं, मी विचारलं. कुणीच नाही, खास शूटिंगसाठी विणून घेतलंय.

‘आणि भात?’

‘भात बी निघतो थोडा. पण हा रस्त्याकडचा तुकडा यंदा लवकर कापायचा नाय. आत्ता हिरवं हाय तर हा रेट. दिवाळीच्या आसपास पिवळं पडलं की जास्ती.’

मागून एक पांढरी गाडी येऊन थांबली, टपावर दोन बॅगा, आत मेकअपवाली. त्याने खोळ काढून खाली ठेवली, खिशातून फणी काढली, केसांवर फिरवली आणि हात उंचावून त्यांना गाडी कुठे लावायची ते दाखवायला गेला.